लिस्बन: आल्फामातलं हॉटेल रद्द करू का? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय

मांडवीकाठ (रात्री १०.४०)
नमस्कार. लिस्बनला जातोय, ५ रात्री. आल्फामा भागात एक छान जुनं घर मिळालंय, किंमतही परवडणारी. आत्ता कुठेतरी वाचलं की तिथे चढ फार आहेत. उद्या रात्री १२ पर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, नंतर एक पैसाही नाही. ठेवू की रद्द करू? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया लवकर सांगा.

सदाफिरती (१०.५२)
अजिबात रद्द करू नका! आल्फामा म्हणजे लिस्बनचा जीव. १७५५ च्या भूकंपात बरंचसं शहर कोसळलं, आल्फामाच्या गल्ल्या बऱ्याचशा टिकल्या. संध्याकाळी खिडकीतून फादूची (लिस्बनची पारंपरिक) गाणी ऐकू येतात. मी ८ दिवस राहिले, रोज टेकडीवरच्या किल्ल्यापर्यंत चालत जायचे. २८ नंबरची ट्राम दारावरून जाते.

सातारकर७७ (११.०५)
कोण कोण जाताय? महिना कुठला? घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

पायवाट (११.११)
लिस्बनला ५ रात्री जास्त होतात. ३ तिथे, २ पोर्तोला करा. रेल्वेने ३ तासांच्या आसपास. पोर्तो जास्त सुंदर आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मांडवीकाठ (११.२०)
पोर्तो नको, फक्त लिस्बन. मी आणि आई. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मजला तिसरा, लिफ्टचा उल्लेख दिसत नाही.

सातारकर७७ (११.२४)
आईंचं वय? गुडघे कसे आहेत?

मांडवीकाठ (११.३१)
७६. उजव्या गुडघ्याचा त्रास आहे, काठी घेऊन चालते. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, पायऱ्या मात्र एकेक करून चढाव्या लागतात.

सातारकर७७ (११.३५)
मग प्रश्नच संपला. आजच रद्द करा. आल्फामात गल्ली म्हणजे बऱ्याच ठिकाणी जिनाच असतो, टॅक्सी दारापर्यंत येत नाही. त्यात लिफ्ट नसलेला तिसरा मजला! आणि फेब्रुवारीत पाऊस असतो. लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत, वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेले. ओले झाले की भल्याभल्यांचा पाय सरकतो. माझी धडधाकट बायको उतारावर पडली, मनगटाला प्लास्टर घालून परत आलो. आईंना रबरी तळव्याचे बूट घ्या आणि काठीचं खालचं रबर नवीन बसवा.

सदाफिरती (११.४८)
आईबरोबर आहे हे आधी लिहिलं असतंत तर मी वेगळं सांगितलं असतं. माझा सल्ला मागे घेते. पण आल्फामा बघायचं सोडू नका. टॅक्सीने पोर्ताश दु सोलच्या कठड्यापर्यंत जा, तिथून खाली लाल कौलं आणि नदी दिसते.

वेलदोडा (११.५५)
पार्के दश नासोइंशला राहा. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी नव्याने वसवलेला भाग. पूर्ण सपाट, नव्या इमारती, प्रत्येकीला लिफ्ट, विमानतळापासून मेट्रोने तीन स्टेशनं. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन तिथेच राहिलो होतो.

निशिगंध (सकाळी ६.१०)
वेलदोडा, सपाट आहे हे खरं, पण जुनं शहर तिथून लांब. ७६ वर्षांच्या बाईला रोज मेट्रो बदलत नेणार का? त्यापेक्षा बायशा. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्किश द पोंबाल याने चौकटीसारखे सरळ रस्ते आखून बांधलेला भाग. दोन्ही बाजूंना टेकड्या, मधे हा सपाट पट्टा. रॉसिओ चौकापासून नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिउपर्यंत पाऊण किलोमीटर असेल, एकही पायरी नाही. मी लिस्बनमध्ये ६ वर्षं राहतेय, घरून कोणी आलं की तिथेच उतरवते.

वेलदोडा (६.४०)
बायशात पर्यटकांची गर्दी, खिसेकापू आणि सगळं महाग. माझ्या सासूबाईंना तिथे रात्री झोप आली नसती.

निशिगंध (६.५२)
फेब्रुवारीत तेवढी गर्दी नसते. गोंगाट नको असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. खिसेकापूंची खरी भीती २८ नंबरच्या ट्राममध्ये. ती नेहमी भरलेली, चढायची पायरी उंच आणि बसायला जागा मिळत नाही. काठी घेऊन त्या गर्दीत चढू नका. चढ टाळायचे मार्ग लिहिते, इथे राहणारे आम्ही तेच वापरतो:

किल्ल्याकडे जायला प्रासा दा फिगेरातून ७३७ नंबरची लहान बस निघते, थेट दारापर्यंत. किंवा रुआ दुश फांकेइरुशवर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वर निघालात की थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही मिळून अर्ध्याहून जास्त टेकडी पार होते. वरच्या शियादो भागात जायचं तर बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी दुसऱ्या टोकाला बाहेर पडा. तिकीट लागत नाही, कारण फाटकाच्या आत जावं लागत नाही.

ग्लोरियाची रस्त्यावरची केबलगाडी जुन्या यादीतून काढून टाका. ३ सप्टेंबर २०२५ ला तिचा भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यानंतर तशाच इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या होत्या. जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका.

पायवाट (७.१५)
सिंत्रा तरी कराच. रॉसिओहून गाडी, ४० मिनिटं. राजवाडा परीकथेतला वाटतो.

सातारकर७७ (७.२२)
पायवाट, गुडघा! स्टेशनहून ४३४ नंबरची बस वर जाते, पण पेना राजवाड्यात आतही चढ आणि पायऱ्या आहेत, तिकिटावरची वेळही काटेकोर पाळावी लागते. ज्यांना जमेल त्यांनी जावं, इथे तो प्रश्न नाही.

मांडवीकाठ (७.४५)
सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण आहे. व्हिसा मिळाला आहे आणि अर्जात हेच आल्फामाचं बुकिंग जोडलं होतं. आता हॉटेल बदललं तर विमानतळावर अडवतील का? यामुळेच रात्रभर झोप नाही.

रेशीमधागा (८.०५)
लिस्बन विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आमचे अडीच तास गेले. आईंना उभं राहणं जमणार नाही. एवढ्यासाठीच मी म्हणेन, व्हिएन्ना बघा.

निशिगंध (८.१२)
विमान कुठून?

मांडवीकाठ (८.१४)
मुंबई, फ्रँकफर्ट, लिस्बन. एकाच तिकिटावर.

निशिगंध (८.२६)
मग तुमची तपासणी फ्रँकफर्टलाच होणार, लिस्बनला नाही. परतीचीही तिथेच. ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या प्रवेशाला फोटो घेऊन नवीन नोंद करतात, वेळ लागतो. मधे किमान तीन तास आहेत ना ते पाहा. आईंसाठी व्हीलचेअर आजच विमान कंपनीकडे नोंदवा. युरोपात ही सेवा फुकट आहे, मात्र उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवावं लागतं. व्हीलचेअरवाल्यांना बहुतेक वेळा वेगळ्या रांगेतून नेतात.

हॉटेल बदललं म्हणून व्हिसा बाद होत नाही. देश तोच, तारखा त्याच. नवीन बुकिंग, परतीचं तिकीट आणि ३०,००० युरोच्या संरक्षणाचा विमा, तिन्ही छापून हाताशी ठेवा. विचारलं तर दाखवायचं.

बांदेकर_फोंडा (९.०२)
मांडवीकाठ हे नाव बघून विचारतो. आई गोव्याच्या का? जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा असेल तर पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून नागरिकत्व घेता येतं, मग मुलांनाही. लिस्बनला जाताच आहात तर नोंदणी कार्यालयातलं काम उरकून घ्या. माझ्या दोन चुलत भावांनी केलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदांची यादी पाठवतो.

सातारकर७७ (९.१०)
त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! आणि अर्धीच माहिती देताय. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व जातं. हे आधी लिहा.

बांदेकर_फोंडा (९.१८)
लपवत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) घेतात लोक. गोव्यातल्या घराघरात हा विषय आहे, तुम्हाला तिथून बोलणं सोपं आहे.

मांडवीकाठ (९.४०)
कृपया भांडू नका. पासपोर्ट नको आहे. हो, आईचं माहेर मडगाव. ती पोर्तुगीज शाळेत शिकली, सेगुंद ग्राव (प्राथमिक शाळेची परीक्षा) झाली तेव्हा १२ वर्षांची होती. तिथे मुलांना पोर्तुगालच्या नद्या आणि रेल्वेमार्ग तोंडपाठ करायला लावायचे. मांडवी-जुवारीबद्दल पुस्तकात काही नव्हतं, पण तेजु, दोउरु, मोंदेगु अजून ओळीने म्हणते. बाबा गेल्यावर एकदा म्हणाली, ती तेजु, लिस्बनची नदी, एकदा डोळ्यांनी बघायची आहे. बाकी काहीच नाही मागितलं. म्हणून जातोय.

सदाफिरती (९.४७)
हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतंत. वाचून डोळे भरले.

रेशीमधागा (९.५५)
व्हिएन्नाचं मागे घेते. जाच.

कुळागर (१०.२०)
अवांतर: आईंना पाट्या वाचायला द्या, खूप आनंद होईल. पाव, बटाटा, अननस, कोबी, चावी सगळे तिकडूनच आलेत. कोकणीत तर जनेल आणि कुलेरही. माझी आजी दुकानात ओब्रिगाद (आभारी आहे) म्हणायची. बाईने तसंच म्हणायचं असतं, पुरुषाने ओब्रिगादु.

वेलदोडा (१०.३३)
बिजागरी आणि घमेलंसुद्धा. साबण पोर्तुगीज की अरबी यावर मात्र वाद आहे.

सातारकर७७ (१०.३६)
शब्दांसाठी वेगळा धागा काढा, याच्याकडे आज रात्रीपर्यंतच वेळ आहे. आई शाकाहारी आहेत का?

मांडवीकाठ (१०.५०)
मासे खाते. सोमवार आणि चतुर्थीला नाही. अंडं चालतं.

निशिगंध (११.१५)
मग सोपं आहे. शाकाहाराच्या दिवशी कालदु व्हेर्द सूप मागू नका, हिरवं दिसलं तरी त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे काप असतात. मार्तिम मोनीज भागात भारतीय आणि बांगलादेशी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-पीठ सगळं मिळतं. उत्तरेकडे तेल्हेइरशजवळ राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. मंडळी बहुतेक गुजराती, मोझांबिकमार्गे आलेली, दिवचीही. हॉटेलात टेबलावर न मागता पाव आणि ऑलिव्ह ठेवतात, खाल्ले तर बिलात लागतात. नको असेल तर लगेच परत करा, कोणाला वाईट वाटत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. शहराचा कर माणशी रात्रीला ४ युरो, तो खोलीच्या भाड्यात धरलाय का ते बघा.

नदीकाठच्या बेलेंग भागात जायचं तर १५ नंबरची ट्राम घ्या. त्या मार्गावर लांब, खालच्या पायरीच्या नव्या ट्रामही धावतात; जुनी आली तर सोडा, पुढची घ्या. तिथला जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो. तिथल्या चर्चमध्ये जायला तिकीट नाही, आत शिरताच वास्को द गामाची कबर आहे.

मांडवीकाठ (दुपारी १.३०)
आल्फामा रद्द केलं, पैसे परत आल्याचा संदेशही आला. बायशात लिफ्ट असलेलं हॉटेल मिळालं, रोज २२ युरो जास्त. लिफ्टचा फोटो मागवून घेतला. व्हीलचेअर नोंदवली. शेवटचं एकच विचारतो: तिला तेजु नीट कुठून दिसेल? पूल, टॉवर वगैरे नको. नुसती नदी, आणि बसायला जागा.

निशिगंध (१.५२)
हॉटेलातून रुआ आउगुश्ताला या. रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. टोकाला मोठी कमान आहे, तिच्याखालून बाहेर पडलात की चौक आणि समोर नदी. चौक ओलांडला की दोन दगडी खांब दिसतील, त्यांच्यामधून पायऱ्या पाण्यात उतरतात. त्यांच्यावर शेवाळ असतं, आईंना खाली उतरू देऊ नका, वरूनच दाखवा. तिथून उजवीकडे काठाकाठाने पाच-सात मिनिटं चाललात की बसायला रुंद दगडी पायठे आहेत. सकाळी वारा कमी असतो. गार लागेल, शाल असू द्या.