मदत हवी आहे: सोसायटीसाठी जनरेटर घ्यावा की बॅटरी? (विलेपार्ले, सात मजले)

नमस्कार.

विलेपार्ले पूर्व येथील आमच्या सात मजली, २८ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. पेशाने विद्युत अभियंता नाही. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे आकडेमोड जमते, पण बाजारातली उपकरणे आणि वीजबिलांतील खाचाखोचा यांत मी नवखाच आहे. पुढील महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि तीत सिंकिंग फंडातून मोठी रक्कम काढण्याचा ठराव येणार आहे. त्याआधी येथील जाणकारांनी माझा हिशेब तपासून द्यावा, अशी विनंती आहे.

गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याखालची केबल जळाली आणि दुपारी एक ते सहा इमारतीत वीज नव्हती. आमचा १९९८ सालचा डिझेल जनरेटर तीन-चारदा खोकला आणि कायमचा गप्प झाला. सहाव्या मजल्यावर ८१ वर्षांच्या एक आजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. त्यांच्यासाठी भाड्याचा सिलिंडर दोन मुलांनी खांद्यावरून जिन्याने वर नेला. तासाभरात पाऊस उघडून लख्ख ऊन पडले होते. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल चकाकत होती आणि तरीही त्यांची लिफ्ट आमच्याइतकीच बंद होती. त्यांच्या अध्यक्षांना हे कोडे त्या दिवशी प्रथमच पडले. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर ग्रिडचा ५० हर्ट्‌झचा ताल नाहीसा होताच क्षणार्धात स्वतःला बंद करतो, कारण तसे न केल्यास केबल दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या हाताखाली मेलेली तार जिवंत होईल. हे योग्यच आहे, परंतु सौर यंत्रणा विकताना कोणी ते सांगत नाही.

आमच्याही गच्चीवर १० किलोवॉटची सौर यंत्रणा बसवण्याचा ठराव मागील सभेत मंजूर झाला आहे. पीएम सूर्यघर योजनेत संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो जनरेटरच्या जागी काय आणायचे याचा. २५ केव्हीएच्या नव्या जनरेटरचे दरपत्रक ४ लाख ६५ हजारांचे आहे. एका विक्रेत्याने १५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर (सौर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड या तिन्हींना जोडला जाणारा आणि ग्रिड गेल्यावरही चालणारा) आणि २० युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६ लाख ४० हजारांत देऊ केली आहे आणि सोबतच्या रंगीत पत्रकात ‘दहा वर्षांत पैसे वसूल’ असे छापले आहे. कार्यकारिणीतील निम्मे सदस्य या एका ओळीवर भाळले आहेत.

हे पैसे वसूल कसे होणार, याचा शोध घेण्यासाठी मी आठ दिवस मीटर केबिनमध्ये स्टूल टाकून सामाईक मीटरचे आकडे दर तासाला वहीत उतरवले. रात्रीचे आकडे वॉचमनने उतरवून दिले. सरासरी रोजची ३८ युनिटे निघाली: मध्यरात्रीपासून सकाळी नऊपर्यंत १३, नऊ ते पाच ९ आणि संध्याकाळी पाच ते मध्यरात्र १६. विक्रेत्याने या १६ युनिटांना ११ रुपयांनी आणि ३६५ दिवसांनी गुणले आहे. ते ६४,२४० रुपये होतात आणि सहा लाख चाळीस हजारांना त्याने भागले की बरोबर दहा वर्षे येतात. म्हणजे बॅटरीत जाणारी वीज त्याने फुकट धरली. ‘ती सौर आहे, फुकटच की’, असे त्याचे उत्तर होते. परंतु तीच युनिटे नेट मीटरिंगमध्ये ग्रिडला दिली असती, तर बिलातून वजा झालीच असती. एकच युनिट त्याने सौरच्या पत्रकात एकदा आणि बॅटरीच्या पत्रकात दुसऱ्यांदा विकले आहे.

माझा हिशेब असा आहे. केंद्राच्या जून २०२३ च्या सुधारित नियमांनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांसाठी सर्वाधिक मागणीच्या तासांतील दर निदान १० टक्के जास्त असावा, अशी अपेक्षा आहे. नेहमीचा दर सोयीसाठी १० रुपये धरला, तर दुपारी ८ रुपये आणि संध्याकाळी ११ रुपये होतात. बॅटरीतून एक युनिट बाहेर काढायला सुमारे १.१५ युनिटे आत घालावी लागतात, म्हणजे ९ रुपये २० पैसे खर्चून ११ रुपये वाचतात. नफा युनिटमागे १ रुपया ८० पैसे, दिवसाला २९ रुपये, वर्षाला साधारण साडेदहा हजार. या गतीने पैसे वसूल होण्यास साठ वर्षे लागतील आणि आमच्या इमारतीचा पुनर्विकास त्याच्या आत दोनदा होऊन जाईल.

त्यातही एक अडचण आहे. रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी करून पैसे वाचवायचे ठरवले, तर रात्री दोन वाजता वीज गेल्यावर तिच्यात काहीच नसेल. निम्मी राखून ठेवली, तर बचतही निम्मी होते. बचत आणि आणीबाणी ही दोन कामे एकाच बॅटरीच्या गळ्यात मारलेली पत्रके मला विशेष खटकतात.

खुलासा म्हणून सांगतो, बॅटरीला माझा विरोध नाही; शहराच्या पातळीवर तिचे मोल मला पटलेले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास माझा ऑनलाइन तास मधेच तुटला. कळवा-पडघा भागातील ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या, आणि अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून वेगळे काढून चालू ठेवणारी व्यवस्था त्या दिवशी तग धरू शकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. असे वेगळे काढलेले शहर म्हणजे विजेच्या जाळ्यातले एक बेट; ते वेगळे होताना आतली निर्मिती आणि मागणी काही सेकंदांत जुळावी लागते. ती जुळली नाही तर फ्रिक्वेन्सी घसरते आणि संच स्वतःला वाचवण्यासाठी एकेक करून बाहेर पडतात. औष्णिक संचाला उत्पादन वाढवायला मिनिटे लागतात, बॅटरी सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते. दिल्लीत रोहिणी येथे २०१९ मध्ये १० मेगावॉटची बॅटरी वितरण जाळ्याला जोडली गेली, ती अशाच कामांसाठी. आमच्याकडे मात्र साठवण म्हणजे पाणी. भिऱ्याचा १५० मेगावॉटचा आणि घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प रात्रीची किंवा स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडतात. (गंमत म्हणून आमच्या गच्चीवरच्या टाकीचा हिशेब केला: २०,००० लिटर पाणी, २४ मीटर उंची, साठलेली ऊर्जा जेमतेम १.३ युनिट. सह्याद्रीचा कडा हाताशी असणे ही किती मोठी सोय आहे, ते यावरून कळते.)

आता प्रश्न विचारतो. माझ्या हिशेबात चूक आहे का? वेळेनुसार दर आणि नेट मीटरिंग एकत्र आल्यावर दुपारचे उरलेले सौर युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा होते का? न झाल्यास बॅटरीचे गणित बदलते, म्हणून हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केवळ आणीबाणीसाठी बॅटरी घ्यायची झाल्यास २० युनिटे खरोखर लागतात का? आणि ती ठेवायची कुठे? २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये कमरेइतके पाणी होते, तर गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत परवा दुपारी अडीच वाजता मी ठेवलेला तापमापक ४४ अंश दाखवत होता.

— पार्लेकर सचिव

प्रतिसाद: तीन फेज (ठाणे)

सर, हिशेब बरोबर आहे आणि एका युनिटाच्या दोनदा विक्रीचे निरीक्षण तर अगदी नेमके आहे. मी लिफ्टच्या ड्राइव्हचे (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाचे) काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

किती युनिटे साठतात यापेक्षा एका वेळी किती किलोवॉट देता येतात, हे लिफ्टसाठी आधी पाहावे लागते. लिफ्टचा एक फेरा फार थोडी वीज खातो. सब-मीटर असेल तर वीस फेऱ्या मारून स्वतः मोजा. दीड युनिटाच्या आसपास निघावे. पाच तासांच्या खंडासाठी जिन्यातले दिवे, कॅमेरे आणि फाटक मिळून ७०० वॉट धरले तर साडेतीन युनिटे, वीस फेऱ्यांचे दीड आणि ३५० वॉटचा कॉन्सन्ट्रेटर पाच तास चालवल्यास पावणेदोन. सगळे मिळून सात युनिटांच्या आत बसते. तेव्हा १० युनिटांची बॅटरी पुरेशी वाटेल, पण येथेच लोक फसतात. पुष्कळ बॅटऱ्या अर्ध्या क्षमतेच्या दरानेच सतत वीज देऊ शकतात, म्हणजे १० युनिटांची बॅटरी फक्त ५ किलोवॉट देईल, आणि तुमची मोटर साडेपाचची असेल तर दिव्यांसह ती जड जाईल. दरपत्रकात ‘सतत किती किलोवॉट’ हा आकडा लेखी मागा.

पाण्याचा पंप या यंत्रणेवर अजिबात घेऊ नका. थेट सुरू होणारा पंप सुरुवातीला सहा-सात पट प्रवाह ओढतो आणि इन्व्हर्टर तेवढ्यासाठीच दुप्पट मोठा घ्यावा लागतो. टाकी भरलेली असली की पाच तास पंप लागत नाही. उलट टाकीला टायमर लावून पंप सकाळऐवजी नऊनंतर चालवा. दोन-अडीच हजारांच्या उपकरणात तुमची सकाळची काही युनिटे स्वस्त तासांत सरकतील. सहा लाखांच्या बॅटरीकडून हेच काम करून घेण्याचे कारण नाही.

आणखी एक बारकावा. रिकामी लिफ्ट वर जाताना वजनाचा तोल दुसऱ्या बाजूला असतो, म्हणून मोटर वीज खाण्याऐवजी निर्माण करते. साध्या ड्राइव्हमध्ये ती रेझिस्टरमध्ये जळून जाते आणि काही त्रास होत नाही. परंतु ड्राइव्ह वीज मागे पाठवणारा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टरला ती स्वीकारता येते का, हे आधी विचारून घ्या. ठाण्यातील एका इमारतीत लिफ्ट उतरताना नव्हे, चढताना इन्व्हर्टर बंद पडत होता आणि कारण सापडायला पंधरा दिवस गेले.

लिफ्टला एआरडी आहे ना? वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी छोटी बॅटरी. ती नसेल किंवा मेलेली असेल, तर आधी तिच्याकडे पाहा.

प्रतिसाद: आकडेमोड (मुलुंड)

बिलाच्या प्रश्नापुरते लिहितो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील सौर विनियमांत वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकासाठी तरतूद अशी आहे की, ज्या कालखंडात निर्मिती झाली त्याच कालखंडातील वापरातून ती प्रथम वजा करायची आणि उरलेली निर्मिती कमी मागणीच्या तासांत झाली असे मानायचे. तुमच्याकडे नऊ ते पाचचा वापर केवळ ९ युनिटे आणि सौर निर्मिती सरासरी ४०, म्हणजे मोठा भाग उरणार. म्हणून तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू आहेत का, असल्यास उरलेली युनिटे संध्याकाळच्या १६ मधून वजा होतील का, हे दोन प्रश्न वितरण कंपनीला पत्राने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तरावर सिंकिंग फंड मोडू नये.

उत्तर नकारार्थी आले तरी घाई नको. जुलै-ऑगस्टमध्ये पॅनेल निम्म्यावर येतात, तेव्हा बॅटरीत भरायला वरकड वीज रोज असेलच असे नाही.

प्रतिसाद: तीन फेज (ठाणे)

जागेबद्दल लिहायचे राहिले. तळमजला नको, जिन्याखाली तर कदापि नको; आग लागल्यास माणसे त्याच वाटेने उतरणार असतात. आयर्न फॉस्फेट तापल्यावर इतर लिथियम प्रकारांइतका सहज ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून तो इमारतींसाठी बरा, पण ‘पेटतच नाही’ असे सांगणाऱ्याकडून घेऊ नका. गच्चीवर लिफ्टच्या खोलीच्या उत्तरेला, सावलीत, विटांची वेगळी हवेशीर खोली बांधता आली तर उत्तम. सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते, हे पत्रकातल्या ‘सहा हजार सायकल’मध्ये (भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्यांत) दिसत नाही. अग्निशमन दलाचे म्हणणे खरेदीआधी घ्या.

पार्लेकर सचिव (मूळ प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी तळमजल्यावरच्या दोन कॉलेजकुमारांना लिफ्टमध्ये बसवून वीस फेऱ्या मारल्या, सब-मीटरवर १.४ युनिटे भरली. ड्राइव्ह २०१६ साली बदललेला, साध्या रेझिस्टरचा निघाला.

त्यानंतर लिफ्टच्या खोलीत एआरडीचे झाकण उघडले. आतल्या चारही बॅटऱ्या फुगलेल्या होत्या आणि त्यांच्यावर २०१६ चीच तारीख होती. आम्ही दरवर्षी देखभालीचे पैसे भरत आलो आणि ते झाकण कोणीच उघडले नाही. सचिव म्हणून त्यात माझाही दोष आहे. नव्या बॅटऱ्या परवा बसतील. आजींच्या मुलाला कॉन्सन्ट्रेटरपुरता घरगुती इन्व्हर्टर सुचवला आहे आणि तो त्यांनी मान्य केला आहे.

सभेपुढे आता तीन गोष्टी ठेवणार आहे: पंपाला टायमर, १० युनिटांची पण सतत किमान ८ किलोवॉट देणारी बॅटरी (पुढे वाढवता येईल अशी), आणि सौरसाठी सुरुवातीपासूनच हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लख्ख उन्हात अंधारात बसावे लागणार नाही. ‘पैसे वसूल’ हा शब्द ठरावात नसेल. वितरण कंपनीला पत्र आज दिले. पोच मिळाली आहे, उत्तर आले की येथे लिहीन.

एक उपप्रश्न राहतो. आमच्याकडे आता पाच विजेवरच्या गाड्या आहेत आणि पाचही संध्याकाळी आठच्या सुमारास चार्जिंगला लागतात. मंजूर भार न वाढवता त्यांना आळीपाळीने वीज देणारी यंत्रणा मुंबईत कोणत्या संस्थेने बसवली असल्यास, तिचा अनुभव कृपया कळवावा.