मदत हवी आहे : खाणीने विहीर आटवली, नव्या पाण्याचा खर्च कोणी करायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यातलं. तालुका आणि खाण मुद्दाम लिहीत नाही, घरचा एक जण तिथेच कंत्राटावर आहे.

विहीर आजोबांच्या वेळची, बेचाळीस फूट, दगडी बांधणीची. पूर्वी मे महिन्यातही आठ-दहा फूट पाणी असायचं. गहू-हरभऱ्याचं ओलीत आरामात व्हायचं. शेतापासून पाऊण किलोमीटरवर खुली खाण आहे. ती जशी खोल गेली तशी विहीर खाली गेली. यंदा फेब्रुवारीतच फूटव्हॉल्व्ह उघडा पडला आणि मोटर हवा ओढायला लागली. तिकडे खाणीचे पंप रात्रंदिवस पाणी उपसून नाल्यात सोडतात. भर उन्हाळ्यात नाला वाहतो आणि विहीर कोरडी! नाल्याकाठचे लोक त्यावर मोटर लावतात. आमचं शेत चढावर, मध्ये पाच जणांची शेतं.

खाणीच्या ऑफिसात अर्ज दिला. साहेब नीट बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, गावाला टँकर देतो, जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये (खाणबाधित भागासाठीचा जिल्ह्याचा निधी) पैसे भरतो, त्यातून नळयोजना होतेय, आणखी काय करायचं? तहसीलमध्येही तेच, प्रतिष्ठानकडे प्रस्ताव टाका.

मला हे पटत नाही. प्रतिष्ठानचा पैसा २०१५ च्या कायदादुरुस्तीने आला. जुन्या खाणपट्ट्यांना सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात घेतलेल्यांना १० टक्के. कोणाची विहीर आटो न आटो, तो भरावाच लागतो, आणि त्यातच दवाखाना, शाळा, सगळं बसवायचं. शेजाऱ्याने माझी भिंत पाडावी आणि वर म्हणावं, मी घरपट्टी भरतो ना! शिवाय नळयोजना पिण्यापुरती, आणि तिचं विजेचं बिल ग्रामपंचायतीच्या माथी.

तर खर्च थेट खाणीवर टाकायला काही आधार आहे का? आणि खाणीमुळेच पाणी गेलं हे दाखवायचं कसं? तीनशे फुटांची बोअर मारायचं मनात आहे, पण ती स्वतःच्या खिशातून का मारू?

भूजलवाला : भूजल खात्यात नोकरी झाली, म्हणून लिहितो. आधी खाणीचं पर्यावरण मंजुरीचं पत्र मिळवा. त्याची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते, कपाटात पडलेली असेल. कोळसा खाणींच्या पत्रांत बहुधा एक अट असते, की उपशामुळे गावातल्या विहिरी आटल्या तर गावाची पाण्याची गरज खाणीने भागवायची. अट पाळली की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तोही मागा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे खाणीला उपशाची परवानगी घ्यावी लागते आणि शुल्कही भरावं लागतं, पण ते पैसे तुमच्या बांधावर येत नाहीत.

पुराव्याचं म्हणाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. दोन विहिरींचे जुने आकडे काढा, एक खाणीजवळची, एक लांबची. पाऊस दोन्हीकडे सारखा आणि घसरण एकीकडेच, असं दिसलं तर बरंच काम झालं. स्वतःही मोजायला लागा. दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी वहीत तारखेसकट लिहा.

काळा_कोट : खाणवाले कदाचित १८८२ चा सुविधाधिकार कायदा पुढे करतील. आपल्या जमिनीखालचं, ठराविक प्रवाह नसलेलं पाणी घ्यायचा मालकाला हक्क आहे, असं त्यात आहे. घाबरू नका. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात (तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणाचा खटला) सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषक भरेल' हे तत्त्व मानलं, आणि त्यात बिघडलेलं पूर्ववत करण्याचा खर्चही धरला. राष्ट्रीय हरित लवादाला, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाला, त्याच्या २०१० च्या कायद्याने हेच तत्त्व लावावं लागतं. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मात्र भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. विहीर पहिल्यांदा कधी आटली, ती तारीख आत्ताच नक्की करा.

पऱ्हाटी : भाऊ, बोअर मारू नका. जिथून खाण पाणी ओढते तिथेच तुम्ही भोक पाडणार, दोन वर्षांत तीही खडखडाट. मागायचंच तर नाल्यात सोडतात ते पाणी पाइपने शेतापर्यंत मागा, तपासणी करून, विजेच्या खर्चासकट. आणि लेखी घ्या. खाण बंद झाली की पंप बंद, मग तुमच्या शेताला पाणी कोण देणार, तेही त्यातच लिहून घ्या. नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचंच पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरतात, मग पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, का नाही मिळणार?

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. आज ग्रामसेवकाकडून पत्र मिळालं, अट खरंच आहे. आमची विहीर २०२१ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आटली, धाकट्याच्या लग्नाचं वर्ष म्हणून पक्कं लक्षात आहे. म्हणजे पाच वर्षांचा हिशोब आत्ताच तपासायला हवा. बोअरचा विचार सोडला. पण अटीत शब्द 'गावातल्या विहिरी' असा आहे. काळा_कोट, शेतातली ओलिताची विहीर त्यात धरतात का? की फक्त पिण्याच्या पाण्याची?