नोडमधील प्रोग्रेस बार एकाच ओळीवर कसा ठेवावा?

प्रश्न
सोलापुरातील एका चादरीच्या कारखान्यासाठी मी नोड.जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) छोटी कमांड-लाइन स्क्रिप्ट लिहिली आहे. चादरी आणि टॉवेलांच्या नक्ष्यांचे सुमारे ३,८०० फोटो ती एकेक करून लहान करते व झालेल्या फाइलींची नावे छापते. ती नावे आम्ही यादी म्हणून एका मजकूर-फाइलीत वळवून घेतो. मालक दर दहा मिनिटांनी "किती झाले?" असे विचारतात, म्हणून टक्केवारीसह प्रोग्रेस बार (काम किती झाले हे दाखवणारी पट्टी) दाखवावा असे ठरवले. परंतु कन्सोल.लॉग या छापण्याच्या आज्ञेमुळे प्रत्येक वेळी नवी ओळ उमटते आणि हेच आकडे यादीतही शिरतात. शक्यतो बाहेरचे पॅकेज न घेता काही मार्ग आहे का?

उत्तर १
कन्सोल.लॉग शेवटी नवी ओळ स्वतःच जोडते, त्यामुळे येथे आउटपुट स्ट्रीमचे (मजकूर ज्या मार्गाने बाहेर जातो त्याचे) राइट हे फंक्शन थेट वापरावे आणि मजकुराच्या आरंभी बॅकस्लॅश आर हे चिन्ह द्यावे. जुन्या टंकयंत्राचा दांडा ढकलला की गाडा ओळीच्या आरंभी येत असे. हे चिन्ह कर्सरला तसेच मागे नेते, पण आधीचे काही पुसत नाही. म्हणून नवा मजकूर आखूड असल्यास जुन्याचे शेपूट उरते. नोडच्या रीडलाइन मॉड्यूलमधील, ओळ पुसणारे क्लिअरलाइन त्यासाठीच आहे. बारची लांबी स्ट्रीमच्या कॉलम्स या गुणधर्मापेक्षा (टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञांच्या खिडकीच्या, रुंदीपेक्षा) कमी ठेवावी, कारण ओळ एकदा दुमडली की बारच्या थप्प्या लागतात.

उत्तर २
यादी बिघडण्याचे कारण वेगळे आहे. नावे स्टँडर्ड आउटपुटवर (फाइलीत वळवला जाणारा नेहमीचा मार्ग) जाऊ द्या आणि बार स्टँडर्ड एररवर (यादीत न जाणारा वेगळा मार्ग) लिहा. नाव 'एरर' असले तरी प्रगती दाखवण्याची रूढ जागा तीच. शिवाय त्या स्ट्रीमचा इझटीटीवाय (तो टर्मिनलला जोडलेला आहे का हे सांगणारा गुणधर्म) खरा असेल तरच बार काढा, म्हणजे स्क्रिप्ट रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेने) चालवली तरी लॉगमध्ये कचरा साचणार नाही.

प्रश्नकर्ता
यादी आता स्वच्छ येते. मात्र बार ९० टक्क्यांपर्यंत धावतो आणि पुढे रेंगाळतो. शिवाय 'स्थिती' हा शब्द पॅडएंडने (शेवटी मोकळ्या जागा जोडून) रुंद केला, तर रकाने जुळत नाहीत.

उत्तर १
आपण फाइली मोजत आहात, आणि मोठे फोटो बहुधा शेवटी येत असावेत. आरंभी सर्व फाइलींचे आकार स्टॅटने (फाइलीची माहिती देणाऱ्या फंक्शनने) घेऊन बेरीज करावी व झालेल्या बाइटांवरून टक्केवारी काढावी. वेळ बाइटांच्या नेमकी प्रमाणात नसते, तरी फाइलींच्या संख्येपेक्षा हे माप पुष्कळ खरे ठरते. 'स्थिती'ची लेंग्थ ६ येते, कारण वेलांट्या आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, पण टर्मिनलवर तो शब्द तितकी जागा घेत नाही. मराठी शब्द वरच्या ओळीत एकदाच छापावा आणि सतत बदलणाऱ्या ओळीत केवळ ठोकळे व आकडे ठेवावेत.