मदत हवी आहे: आयबीएमच्या पॉवर-९ सर्व्हरवर हायपरव्हायजरने (एका मशीनचे अनेक विभाग करणाऱ्या फर्मवेअरने) धरून ठेवलेली मेमरी कशी सोडवायची?

नमस्कार मंडळी. महापे, नवी मुंबई इथल्या डेटा सेंटरमधला पॉवर-९ सर्व्हर, एकूण मेमरी १०२४ जीबी. सहा एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) एलपारना, म्हणजे सर्व्हरच्या स्वतंत्र विभागांना, प्रत्येकी १४४ जीबी, दोन व्हीआयओएसना (बाकी एलपारना डिस्क-नेटवर्क पुरवणारे विभाग) प्रत्येकी १६. बेरीज ८९६. एचएमसीवर (सर्व्हर सांभाळायचा कन्सोल) फर्मवेअरच्या नावावर ६० जीबी दिसतात, म्हणजे शिल्लक ६८. नवा एलपार हवाय ९६ जीबीचा.

कारण कळलंय. सहाही एलपारच्या प्रोफाइलमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) मॅक्झिमम मेमरी, म्हणजे वाढवण्याची कमाल मर्यादा, १०२४ जीबी टाकलेली आहे. हायपरव्हायजर पेज टेबलचा (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्याचा) आकार डिझायर्डवर, म्हणजे प्रत्यक्ष मागितलेल्या मेमरीवर, नाही, मॅक्झिममवर ठरतो. १/१२८ या प्रमाणाने एकेका एलपारमागे ८ जीबी, सहांचे ४८ तिथेच अडकले. मॅक्झिमम २५६ केलं तर प्रत्येकी २ जीबी पुरतात, ३६ जीबी मोकळे होतात.

नुसतं एआयएक्स रीबूट करून भागत नाही, हे ठाऊक आहे. एलपार पूर्ण बंद करून बदललेलं प्रोफाइल निवडूनच ॲक्टिव्हेट करावा लागतो. डाउनटाइम रविवारी पहाटे २ ते ५.

अडलंय ते इथे: हिशोबाने १०४ जीबी हाती येतात, नव्याचं पेज टेबल धरून ९७ लागतील. उरलेले ७ जीबी व्हर्च्युअल आय/ओसाठी पुरतील का? की दोन एलपारचं डिझायर्डही आधीच उतरवावं? त्यातल्या एकाचं आरएमसी (एचएमसी आणि एलपारमधला संपर्क) इनॅक्टिव्ह आहे, त्यामुळे चालू स्थितीत मेमरी काढता येत नाही. फायरवॉलवर ६५७ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी, दोन्ही दिशांनी उघडलाय. आणखी काय तपासू?