बंदी मोडून अडकलेल्या ट्रेकरकडून सुटकेचं बिल घ्यावं का?

घाटमाथा

जून उजाडला की आदेश निघतात. अमुक धबधबा बंद, तमुक धरणाच्या सांडव्यावर उतरायचं नाही, या किल्ल्याची वाट पावसाळाभर बंद. शुक्रवारी आदेश मोबाइलवर फिरतो आणि रविवारी त्याच फाट्यावर गाड्यांची दुहेरी रांग लागते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्याच महिन्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी दरीत पडलेल्या तरुणीला वर काढायला बचाव पथकांना सहा तास लागले. आपण दोन दिवस हळहळतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा रांग.

सह्याद्रीतली सुटका पगारी माणसं करत नाहीत. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, पण कड्यावर आधी पोचतात ते लोणावळा, खोपोली, महाड, महाबळेश्वर इथल्या संस्थांचे स्वयंसेवक. कुणी दुकान बंद करून येतो, कुणी बिनपगारी रजा टाकून. रोप त्यांचे, हेल्मेट त्यांची, डिझेलही बहुतेक वेळा त्यांचंच. ११ मिमीचा रोप बेसॉल्टच्या धारेवर घासून त्याचं आवरण फाटलं, तर दोनशे मीटरचा रोप त्या जागी कापून टाकावा लागतो. त्याची भरपाई कुणी करत नाही.

म्हणून सरसकट नाही, पण दोन अटी पूर्ण झाल्या तर खर्च वसूल करावा: त्या जागी लेखी बंदी होती आणि तसा फलक वाटेवर दिसत होता. अपघात कुणालाही होतो, मान्य. पण फलक ओलांडून गेलेल्याचा भार बाकीच्यांनी का उचलायचा?

दोरवाला

कळकळ समजते, पण याचा परिणाम उलटा होईल. बिलाची भीती माणसाला घरी बसवत नाही, फोन मात्र उशिरा करायला लावते.

वेळेचं गणित बघा. जुलैत आपल्याकडे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, मध्यावर घोटा मोडलेल्या माणसाने दुपारी तीनला फोन केला, तर शहरातून निघालेली तुकडी पाचपर्यंत पायथ्याला येते, सातपर्यंत त्याच्याजवळ पोचते आणि निदान वर चढायचा टप्पा तरी उजेडात होतो. तोच माणूस "बघू, लंगडत उतरतो, उगाच पैसे कशाला" म्हणत सहापर्यंत थांबला, तर सगळं काम अंधारात, धुक्यात, शेवाळलेल्या दगडांवर. तेव्हा धोका त्याच्यापेक्षा वीस स्वयंसेवकांना जास्त.

वीस हा आकडा उगाच नाही. एका स्ट्रेचरला एका वेळी सहा खांदे लागतात. घाटवाटेवर शंभर पावलांत हात भरून येतात, म्हणून तीन पाळ्या, म्हणजे अठरा. शिवाय पुढे वाट दाखवणारा आणि मागे सामानाला एक. अशा वाटेवर रात्री किलोमीटरला तास लागला तरी बरं म्हणायचं.

कड्यावरून ओढून काढायचं असेल तर प्रकरण आणखी जड. जखमी, सोबतचा बचावकर्ता आणि स्ट्रेचर धरून भार दोनशे किलोच्या घरात जातो. एक मुख्य रोप, एक बिलेचा (मुख्य रोप सुटला तर भार झेलणारा) रोप, दोन्हींचे अँकर, म्हणजे रोप बांधायचे पक्के आधार, वेगळे. ११ मिमीच्या स्टॅटिक (फारसा न ताणणाऱ्या) रोपाची ताकद साधारण तीन टन, गाठ मारली की त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा वजा. तीनास एकची पुली लावली, तर भार एक मीटर वर यायला तीन मीटर रोप ओढावा लागतो. पुल्या नसल्या आणि कॅराबिनरवरच (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवरच) रोप फिरवला, तर घर्षणात जोराचा जवळजवळ तिसरा भाग जातो. आणि अँकर कशाला बांधणार? आपला कातळ आडव्या थरांचा, मधे मऊ लाल मातीचे पट्टे. पावसात कारवीच्या झुडपाला हात घातला की ती मुळासकट हातात येते, तिला रोप तर बांधूच नये. जांभूळ, अंजन असं जुनं झाड सापडेपर्यंत अर्धा तास जातो.

हे सगळं उजेडात करायचं की अंधारात, हे फोन कधी आला यावर ठरतं. त्या फोनवर किंमत लावू नका.

दूरदेशी

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरचा कायदा नेमका हाच आहे: निष्काळजीपणा केला असं ठरलं, तर सुटकेचा खर्च द्यायचा. त्याला जोड म्हणून त्यांनी वर्षाला २५ डॉलरचं कार्ड काढलं. कार्ड असेल तर नुसत्या निष्काळजीपणासाठी बिल येत नाही, बेदरकारपणा केला तर मात्र येतं. कार्डाचे पैसे शोध आणि सुटकेच्या निधीत जातात. जपानमध्ये सैतामा प्रांताने १ जानेवारी २०१८ पासून ठरावीक डोंगरांवरच्या हेलिकॉप्टर सुटकेला दर लावला, सुरुवातीला उड्डाणाच्या पाच मिनिटांना ५,००० येन. म्हणजे दर लावणं अशक्य नाही.

उलट बाजूला इंग्लंड आणि वेल्समधली पर्वत बचाव पथकं. ती स्वयंसेवी आणि फुकट आहेत, आणि बिलाला त्यांचा विरोध याच कारणाने आहे: लोक फोन करायला कचरतील. म्हणजे दोरवाला म्हणतात ती केवळ भावनेची गोष्ट नव्हे.

विमा हा मधला मार्ग म्हणून कुणी सुचवण्याआधी नेपाळ आठवा. २०१८ मध्ये तिथल्या सरकारी चौकशीत हेलिकॉप्टर सुटकांचा मोठा घोटाळा निघाला. गरज नसताना उड्डाणं दाखवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळले जात होते. पैसा आला की दलालही येतो. आपल्याकडे तर जूनच्या ढगात, अरुंद दरीत हेलिकॉप्टरचा बहुतेक वेळा उपयोगच नसतो.

कायद्याचंबोला

धागाकर्त्यांनी वसुलीचा मुद्दा मांडला, पण वसुली कोणत्या कलमाखाली?

बंदीचे हे आदेश सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात (जुनं १४४). तो आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, माणसाच्या जिवाला धोका झाला तर एक वर्ष किंवा ५,००० पर्यंत. शिवाय संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार दिल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. रविवारी हजार लोक उतरले, तर ती तक्रार कोण लिहीत बसणार? दंड सरकारजमा होईल, रोप घेणाऱ्या संस्थेला त्यातला छदाम मिळणार नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मोफत दिलेली सेवा 'सेवा' या व्याख्येत बसत नाही. आज स्वयंसेवकाच्या हातून स्ट्रेचर कलंडला, तर ग्राहक म्हणून कुणी दावा लावू शकत नाही. पथकाने पावती फाडून पैसे घेतले की त्याचाच वकील नोटीस पाठवेल: पैसे घेतलेत, सेवेत कसूर केलीत. मोटार वाहन कायद्यात मदतगाराला संरक्षण आहे, पण ते रस्ते अपघातापुरतं. कड्यावरच्या मदतगाराला तसं खास कलम नाही. तेव्हा पथकांच्या भल्यासाठी म्हणून बिल लावाल आणि त्यांनाच कोर्टाच्या पायरीवर बसवाल.

घाटमाथा

कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पथकांनी पैसे घेऊ नयेत. सरकारने घ्यावेत आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत साहित्यरूपाने द्यावेत, असं म्हणतो.

उशिरा फोनचा मुद्दा मात्र अर्धाच पटतो. आज बिल नसतानाही लोक उशिराच फोन करतात. कारण पैसा नाही, घरी कळेल आणि पोलीस येतील ही धास्ती. मग बिल वाढवल्याने अजून किती बिघडणार?

दोरवाला

धास्ती आधीच आहे म्हणून तिच्यावर आणखी एक चढवायची? ज्याला घरच्यांची भीती आहे, त्याला बिलाचीही वाटेल. शिवाय एकट्याचा प्रश्न नसतो. दहा जणांच्या गटात "बिल कोण भरणार" यावर वाद सुरू झाला की तास गेलाच.

शंकासुर

फलक दिसला म्हणजे दोषी, हे सोपं गणित पुण्याजवळच्या कुंडमळ्याला लावून बघा. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. बुडणाऱ्याला बिल द्यायचं, की फलक लावून पूल तसाच उघडा ठेवणाऱ्याला?

आणि या चर्चेत 'ट्रेकर' हा शब्द चुकतोय. धबधब्यात उतरणारे बरेचसे ट्रेकर नसतात. चपला, जीन्स, कडेवर मूल. गुडघाभर पाणी पाहून वाटतं, काय होतंय. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. वर पाऊस पडला की खाली आधी पाणी गढूळ होतं, पाला आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. यातलं एकही दिसलं की काठाला यायचं, सामान राहू द्यायचं. फलकावर 'प्रवेश निषिद्ध'ऐवजी हे का लिहीत नाहीत?

उंबरपाणी

सगळे तुकडीबद्दल बोलताहेत. तुकडी पोचेपर्यंतचे पहिले दोन-तीन तास कुणाचे? पायथ्याच्या वाडीचे. शहरातून फोन येतो, "तुमच्या सोंडेवर कुणी अडकलंय", आणि लावणी सोडून चार माणसं वर निघतात. त्या दिवसाची मजुरी बुडते, तिचं नाव कुठल्याच बातमीत नसतं.

त्यांच्याकडे असतं काय? दोन बांबू आणि घोंगडी. त्या झोळीत माणूस मधे वाकतो. पाय मोडलेल्याला चालतं, पण पाठीच्या कण्याला मार असेल तर त्याच झोळीने कायमचं अधू करायचा धोका असतो. म्हणून वाडीत हवं ते एवढंच: एक घडीचा सपाट स्ट्रेचर, पन्नास मीटर रोप, चार हेल्मेट, चार हेडटॉर्च, खपच्या आणि पट्ट्या. आणि वर्षातून दोन दिवस सराव, तोही लावणीच्या आधी, मे महिन्यात.

पैसे आहेत. कित्येक ठिकाणी संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा ग्रामपंचायत प्रवेश शुल्क, उपद्रव शुल्क घेतेच. त्यातले माणशी दहा रुपये सुटकेच्या साहित्याला बांधून टाका. अडकलेल्या एकाकडून लाख वसूल करण्यापेक्षा धडधाकट हजारांकडून दहा घेणं सोपं. तिथे वाद नाही आणि कोर्टही नाही.

मात्र सरसकट बंदीला विरोध. मुख्य वाटेवर पोलीस उभे राहिले की पोरं मागच्या घळीने चढतात, जिथे ना पाटी, ना माणूस, ना नेटवर्क.

दोरवाला

उंबरपाणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. वाडीत सामान आलं तर आमचा पहिला तास वाचतो.

अवांतर वाटेल, पण फोन कसा करावा हे इथेच लिहून ठेवतो, कारण अर्धा वेळ "नेमके कुठे आहात" यात जातो. ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. नकाशा उघडून अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचा आणि लघुसंदेशानेही पाठवा, कारण अर्धवट रेंजमध्ये बोलणं तुटतं, संदेश जातो. सांगायचं ते असं: कुठल्या गावातून किती वाजता निघालात, किती जण, जखमी शुद्धीवर आहे का, रक्त थांबलंय का, जागा सपाट की दोरावर लटकलेला. शेवटचं फार महत्त्वाचं. हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांत) बेशुद्ध लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साठतं आणि अर्ध्या तासाच्या आतही जिवावर बेतू शकतं.

मग एकच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद. जागेवरून हलू नका. शिटी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन शिट्या आल्या की माणसं जवळ आलीत. मोहोळ उठलं असेल तर तेही सांगा, कारण आग्या माशा शांत झाल्याशिवाय तिथे रोप लावता येत नाही.

घाटमाथा

बरं, बिल मागे घेतो. दंड मात्र राहू दे, आणि तो अडकलेल्यालाच नव्हे, बंदी मोडून सुखरूप परतलेल्यालाही. नाहीतर शिक्षा नशिबाला होते, चुकीला नाही.

दहा रुपयांची सूचना आवडली. पावतीसोबत नाव, वाट आणि परतायची वेळ वहीत लिहून घेतली, तर कोण खाली आलं नाही ते अंधार पडायच्या आत कळेल.

उंबरपाणी

वही बऱ्याच ठिकाणी आहे. नावं, गाडीचा नंबर, सगळं लिहिलेलं असतं. पण पावती फाडणारा दुपारनंतर घरी जातो. संध्याकाळी सहाला ती उघडून कुणी बघायची आणि त्या माणसाला त्याचे किती द्यायचे, तेवढं आधी ठरवा.