शब्दचर्चा : पॉलिश चढतं की उतरतं?

सातरस्ता : मावसभावाने सोलापुरात होटगी रोडला गाड्या चकाचक करून द्यायचं दुकान काढलंय. दराची पाटी मराठीत हवी म्हणून माझ्या गळ्यात पडलाय, कारण घरात मराठीत एम.ए. झालेला मी एकटाच. त्याने दिलेली चिठ्ठी अशी : रबिंग, कंपाउंड, पॉलिश, ग्लेझ, वॅक्स, सीलंट, कोटिंग. मी सहज विचारलं, यातलं पॉलिश म्हणजे नेमकं काय लावतोस? तर म्हणे, "लावत नाही दादा, काढतो. रंगाचा वरचा पापुद्रा."

मी उडालोच. बुटाला पॉलिश लावतात, कपाटाला लावतात. गाडीचं काढतात? मागच्या दिवाळीत मी एका ठिकाणी गाडीला पॉलिश करून घेतलं होतं. ओरखडे गायब झाले आणि दोनदा गाडी धुतल्यावर सगळेच्या सगळे परत आले. मग ते काय होतं? पाटीचं नंतर बघू, आधी मला हा शब्द समजावून सांगा.

स्प्रेगन : भाऊ बरोबर बोलतोय. माझं आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलंय, म्हणून सांगतो. आजच्या गाडीला खाली रंग असतो आणि त्यावर बिनरंगाचा थर, त्याला आम्ही नुसतं 'क्लिअर' म्हणतो. हा क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे केसाहून पातळ. ओरखडा म्हणजे त्या क्लिअरमध्ये पडलेली चारी. चारी बुजत नाही. आजूबाजूची जमीन तिच्या तळाच्या पातळीला आणायची, शेत लेव्हल करतात तसं. म्हणून पॉलिश उतरतं, चढत नाही.

रबिंग, कंपाउंड आणि पॉलिश एकाच घरातले. दाण्याचा फरक. कंपाउंडचा दाणा भारी, तो जास्त कापतो आणि स्वतःचे बारीक चरे मागे ठेवतो. पॉलिशचा दाणा बारीक, तो कंपाउंडचे चरे काढतो. वॅक्स, सीलंट, कोटिंग हे दुसरं घर, ते चढतात. ग्लेझ मात्र भामटा. त्यात तेलकट भराव असतो, तो चऱ्यात जाऊन बसतो आणि चरा दिसेनासा होतो. शाम्पूने धुतलं की भराव निघतो. तुमच्या दिवाळीच्या पॉलिशचं तेच झालं असणार.

एक जुनी गोष्ट. अॅम्बॅसडर-फियाटच्या काळात क्लिअर नसायचा, रबिंग केलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि मालक खूश व्हायचा, 'मळ निघाला' म्हणून. आज क्लिअरवाल्या लाल गाडीवर मशिनचा पॅड लाल झाला तर क्लिअर संपला समजा, मशिन बंद करा आणि मालकाला काय सांगायचं ते ठरवा.

लाखदाणा : आमच्या फर्निचरच्या धंद्यात एकाच दिवशी दोन्ही होतं. आधी 'पॉलिश पेपर' मारायचा, मग 'पॉलिश' मारायचं. पहिला लाकूड उतरवतो. दुसरं म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडा लाख, ती पुरचुंडीने थरावर थर चढवायची. शब्द एक, क्रियापद एक, काम उलटं. इतकी वर्षं वापरतोय, पण हे आज तुम्ही विचारलंत म्हणून ध्यानात आलं!

खडूफळा : प्रश्न उत्तम आहे. सातरस्ता, तुम्हाला 'पॉलिश लावतात' एवढंच आठवलं, पण आपल्या रोजच्या बोलण्यात काढायचं पॉलिशही भरपूर आहे. तांदळाला पॉलिश म्हणजे कोंडा काढणं. सराफाकडे बांगड्या पॉलिशला दिल्या की बायका आधी वजन करून घेतात, कारण घट येते हे ठाऊक असतं. तूरडाळीचं तर विचारू नका. ती घासूनही गुळगुळीत करतात आणि वर तेलाचा हातही देतात, म्हणजे तिथं एका शब्दात दोन्ही.

मूळ लॅटिन क्रियापद 'पोलिरे', अर्थ गुळगुळीत करणं. कशाने करायचं, घालून की काढून, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. तो फळ सांगतो, वाट सांगत नाही. पाटीवर मात्र वाट सांगावी लागते, कारण गिऱ्हाईक पैसे तिचे देतं.

आपल्याकडे या दोन वाटांना दोन जुने शब्द आहेत आणि गंमत म्हणजे त्यांचं यमक जुळतं : जिल्हई आणि कल्हई. 'जिल्हई' अरबी 'जिला'वरून आली, म्हणजे मळ-गंज उतरवून लख्ख करणं. 'कल्हई' कथलाच्या अरबी नावावरून, म्हणजे तांब्या-पितळेवर कथील चढवणं. तेव्हा कंपाउंड-पॉलिशला जिल्हई आणि वॅक्स-कोटिंगला कल्हई.

(जाता जाता : 'सोलापूर जिल्हा' मधल्या जिल्ह्याचा या जिल्हईशी काही संबंध नाही. तो वेगळ्या अरबी शब्दावरून आला, ज्याचा अर्थ बाजू किंवा बरगडी. वर्गात हा प्रश्न दरवर्षी यायचा.)

अळूवडी : सर, यमक छान आहे, पण शब्द टिकणार नाही. आज 'झिलई', म्हणजे तुमची जिल्हईच, म्हटलं की चिनी मातीच्या बरणीची झिलई आठवते, आणि ती चढवलेली असते. म्हणजे जिल्हईसुद्धा पॉलिशसारखीच दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी आहे. आणि गाडीला कल्हई म्हटलं तर लोक नवसागर हुंगायला येतील.

खडूफळा : मान्य. बरणी विसरलो.

लाखदाणा : आमचा शब्द घ्या, 'घोटणे'. भिंत घोटतात, फरशी घोटतात, सिमेंटची घोटाई तर गवंड्याच्या बिलात असते. पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून, दाब देऊन, गुळगुळीत होईपर्यंत. मशिनचं काम तेच आहे ना?

स्प्रेगन : अगदी तेच. आडवं, मग उभं, मग परत आडवं. दीड-दोन फुटांचा चौकोन धरून. आवडला शब्द.

साखरपेठ : आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. तेलुगूत झळाळीला 'मेरुगु' म्हणतात आणि तोच शब्द 'सुधारणा' म्हणूनही चालतो, तब्येतीला मेरुगु म्हणजे बरं वाटणं. कन्नडमध्येही मेरुगु आहे, शिवाय 'होळपु'. पाटीवर घालू नका, पण अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं तर भावाला कळायला हवं.

सातरस्ता : 'घोटाई' लिहून ठेवलं. आता 'बफिंग'. भाऊ म्हणतो, "बफ मारला." बफ म्हणजे पॅड का?

खडूफळा : बफ म्हणजे म्हैस. थट्टा नाही. बफेलो आणि बफ एकाच लॅटिन शब्दातून आले, बफ फ्रेंचमार्गे. म्हशीच्या कमावलेल्या मऊ चामड्याला बफ म्हणायचे, त्या चामड्याने धातू घासून चमकवत, म्हणून 'बफ करणं'. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीच्या जिल्ह्यात हा शब्द परका मानायचं कारण नाही.

स्प्रेगन : आता चामडं कोणी वापरत नाही. लोकर, फोम आणि मायक्रोफायबर. लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो, फोम घट्ट असेल तर कापतो, मऊ असेल तर फिनिशिंगला. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी कापणारा, दुसरीचा नारिंगी मधला. त्यात सर्वमान्य नियम नाही, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

पाटीवर आणखी एक लिहायचं तर मशिन कोणती ते लिहा. रोटरी एकाच आसाभोवती फिरते, गरम करते, धारेवर क्षणभर जास्त थांबली की क्लिअर गेला. शिवाय शिकाऊ हाताने फिरवली तर उन्हात बॉनेटवर पंख्यासारखे पट्टे दिसतात, त्यांना आम्ही 'हॉलोग्राम' म्हणतो. डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन मशिन, फिरते आणि डुलतेही. जास्त दाबली की फिरायची थांबते, म्हणून नवख्याला तीच बरी.

सातरस्ता : डीएला मराठी?

साखरपेठ : डुलकी. (मारतो आता मी.)

अळूवडी : मी माझी गाडी स्वतःच करते, डीएनेच, आणि तुमच्या घोटाईत माझी एक हरकत आहे. 'जाड घोटाई', 'बारीक घोटाई' असे दोन ठरीव दर लावले की प्रत्येक गाडीला आधी जाड होणार. उलटं असायला हवं. एका कोपऱ्यात चौकोन आखून सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघायची, मऊ फोम आणि बारीक पॉलिश. चरे गेले तर तिथंच थांबायचं. नाही गेले तर आधी पॅड बदलायचा, मग पॉलिश, आणि कंपाउंड अगदी शेवटी. सगळ्या गाड्यांचा क्लिअर सारखा कडक नसतो, शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असं नाही. म्हणून पाटीवर 'चाचणी करून' हे शब्द हवेत. आणि चौकोन पुसून झाल्यावर त्यावर स्पिरिटचं फडकं फिरवायचं, म्हणजे चरा खरंच गेला की नुसता तेलाने झाकला गेला ते कळतं. सातरस्ता, दिवाळीत तुम्ही एवढं केलं असतं तर तिथल्या तिथं बिंग फुटलं असतं.

आणि उन्हात मुळीच नाही. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय सांगायला नको. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश फिरायच्या आत वाळतं. सकाळी सावलीत.

स्प्रेगन : बाई, दुकानात या, नोकरी देतो.

अळूवडी : आधी तुमचे पॅड धुता का ते सांगा.

स्प्रेगन : प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने झाडतो. खरंच.

सातरस्ता : वॅक्सला 'मेण' लिहू का? भाऊ नको म्हणतो, मेण म्हटलं की गिऱ्हाइकाला मेणबत्ती दिसते आणि गाडी मेणचट होईल असं वाटतं.

खडूफळा : मेण हा चांगला जुना शब्द आहे, संस्कृत 'मदन'वरून प्राकृतातून आलेला. या मदनाचा अर्थ मधमाशीचं मेण. हिंदीतला 'मोम' फारसीतला. 'मेणचट' हा दोष मेणाचा नाही, जाड हाताचा आहे.

अळूवडी : अगदी बरोबर. जाड लावलं की पुसता पुसता जीव जातो. पातळ थर, किंचित धुरकट होऊ द्यायचा, मग पुसायचा. गाडीच्या वॅक्समधलं नावाजलेलं मेण माशीचं नसून झाडाचं आहे, ब्राझीलमधल्या कारनौबा ताडाच्या पानावरचं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, कारनौबा ८० च्या वर. सोलापूरच्या उन्हात कोणतं बरं, ते तुम्हीच बघा. तरी काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. सीलंट, म्हणजे कृत्रिम लेप, त्याहून जास्त टिकतं, सिरॅमिक कोटिंग सगळ्यांत जास्त.

काम कळायला आपल्याकडे तयार शब्दप्रयोग आहे : अळवावरचं पाणी. अळूच्या पानावर नैसर्गिक मेणच असतं, म्हणून थेंब मण्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. बोअरचं पाणी मात्र मणी झालं तरी तिथंच वाळलं तर क्षाराचा पांढरा ठिपका सोडतं. म्हणून धुतल्यावर पुसायलाच हवं, आणि धुळीच्या कोरड्या गाडीवर टॉवेल फिरवायचा नाही. टॉवेलांच्या गावात हे सांगावं लागतं याचं दुःख आहे. वडील अजून सोलापुरी टर्किशने कोरडंच पुसतात आणि मग बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे कुठून आले म्हणून विचारतात.

साखरपेठ : मग चमकेला काय लिहायचं? चकाकी, तकाकी, झळाळी, तुकतुकी, ओप...

अळूवडी : एकसारखे नाहीत हे. माझ्या कानाला मेणाने येते ती तुकतुकी, बाळाच्या गालाची, ओलसर. कोटिंगची ती चकाकी, काचेची, थोडी कोरडी. नुसतं घोटून, वर काही न लावता जे उरतं ते 'लख्ख'. ओप सुंदर शब्द आहे, पण 'ओप दिला' म्हणणारं माझ्या पिढीत कोणी भेटलेलं नाही.

खडूफळा : मी म्हणतो अजून.

सातरस्ता : मसुदा असा झालाय : धुलाई. घोटाई (चाचणी करून, लागेल तेवढीच). मेण. सीलंट. सिरॅमिक लेप. 'पॉलिश' वर मोठ्या अक्षरात राहू दिलंय, नाहीतर दुकान कसलं ते कळणार नाही. काल रंगारी पाटी रंगवत असतानाच एक काका थांबले आणि म्हणाले, "काय करलालाव ओ, भांडी घोटता का?" चालायचंच.

एकच राहिलं. ग्लेझ. भराव, लुकण, लेपण, काहीच पटेना.

लाखदाणा : सारवण. भेगा झाकायच्या, छान दिसायचं, आठ दिवसांनी परत.

खडूफळा : वा! आणि तेच करून झाल्यावर मालकाशी बोलायची वेळ आली की 'सारवासारव'. शब्द जोडीनेच मिळाला.

सातरस्ता : भावाला वाचून दाखवलं. तो हसला नाही. ग्लेझ पाटीवरूनच काढून टाकलंय.