मदत हवी आहे: बाजरी-गव्हाच्या फेरपालटात डीएपी किती कमी करता येईल?

शिरूर तालुका, ४ एकर मध्यम काळी, बागायत. खरिपात बाजरी (एकरी १० क्विंटल), रब्बीत गहू (१८ क्विंटल). दोन्हींना एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं दाणेदार खत), गव्हाला वर दोन गोण्या युरिया. माती अहवाल: सामू (pH) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, हेक्टरी नत्र (नायट्रोजन) १६५, स्फुरद (फॉस्फरस) ३४, पालाश (पोटॅश) ४८० किलो, जस्त ०.४ पीपीएम (दहा लाखात भाग). उतारा न घटवता खत कुठे कापू?

प्रतिसाद १
कापायचं ते स्फुरद. ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, म्हणजे वर्षाला एकरी ४६ किलो पडतंय. दाण्यातून गहू साधारण १५ आणि बाजरी ७-८ किलो उचलते, काड-सरमाडातून आणखी थोडं. बाकीचं मातीतल्या चुन्याशी बांधलं जातं आणि जादा स्फुरदानं जस्ताचं शोषणही अडतं. तुमचं जस्त आधीच ०.६ पीपीएमच्या, म्हणजे कमतरतेच्या मर्यादेच्या, खाली आहे. बाजरीचं डीएपी बंद करा. गव्हाला अर्धी गोणी द्या, पण पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) बियाण्याखाली, फेकून नको. डीएपीबरोबर नत्रही जातं हे विसरू नका: बाजरीला २० किलो आणि गव्हाला १० किलो युरिया वाढवावा लागेल. झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो शेणखतात मुरवून द्या, डीएपीत मिसळू नका. दोन वर्षांनी माती पुन्हा तपासा.

प्रतिसाद २
स्फुरदाबाबत सहमत. नत्र मात्र इतक्या कमी कर्बावर सरसकट कापू नका, वाया जाणारं वाचवा. या सामूला ओल्या रानावर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. गव्हाचा अर्धा युरिया पेरताना मातीआड, उरलेला २१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या तळाची मुळं) फुटताना, पाण्याच्या अगदी आधी. दरवर्षी एक एकर गव्हाऐवजी हरभरा घ्या, तुकडा बदलत. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (हरभऱ्याच्या मुळांवर हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) चोळा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी, आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. त्या तुकड्यातल्या पुढच्या बाजरीचा युरिया पाव हिश्श्यानं कमी करून बघा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! बाजरीची धसकटं रोटाव्हेटरनं गाडली की गहू सुरुवातीला पिवळा पडतो. ते कशानं?

प्रतिसाद १
धसकटं कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र तात्पुरतं स्वतःकडे ओढतात. गाडताना एकरी १०-१५ किलो युरिया किंवा शेणस्लरी द्या आणि पेरणीआधी तीन आठवडे ओल टिकवा. पान मात्र नीट बघा: खालची जुनी पानं पिवळी तर नत्र कमी, वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. त्याला युरियानं फरक पडत नाही, फेरस सल्फेटची फवारणी लागते.

आणि कपात सगळ्या रानात एकदम नको. प्रत्येक पिकात एक पट्टा जुन्याच डोसवर ठेवा, त्याची मळणी आणि वजन वेगळं करा.